दिसायला तर ठणठणीत आहे, मग दाखला कशाला?

“चालतोय, बोलतोय, दोन वेळा जेवतोय. डॉक्टरांनीच घरी न्या म्हणून सांगितलं. मग दिव्यांगाचा दाखला काढून त्याच्या कपाळी शिक्का का मारायचा?”

मेंदूला मार लागलेल्या माणसाच्या घरून हा प्रश्न बहुधा अपघातानंतर सहाव्या ते बाराव्या महिन्यात येतो. जखम भरलेली असते, नातेवाइकांची वर्दळ थांबलेली असते आणि खरी अडचण तेव्हा कुठे उघडी पडायला लागते. खालची हकिगत एकाच घराची नाही. पुण्यातल्या अनेक घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका कुटुंबात गुंफल्या आहेत, म्हणजे कोणाची ओळख उघड होणार नाही.

सिंहगड रस्त्यावरचं घर. नवरा ३६ वर्षांचा, एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत लिपिक. बायको प्राथमिक शिक्षिका, मुलगा सात वर्षांचा, घरात सासूबाई. दुचाकी घसरली तेव्हा हेल्मेट डिकीत होतं. दवाखान्यात पोचताना ग्लासगो कोमा स्केलवर गुण ८ होते. हे मोजमाप ३ ते १५ असतं आणि ८ किंवा त्याखालची दुखापत गंभीर धरतात. मेंदूच्या पुढच्या भागात, डावीकडे जास्त, मुका मार. १९ दिवस दवाखाना, अकराव्या आठवड्यात कामावर हजर. पुढच्या चार महिन्यांत तीन मेमो.

बायको, म्हणजे ताई, आमच्याकडे एकट्याच आल्या होत्या. “भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं,” त्या म्हणाल्या, “आणि दहा मिनिटांनी विचारतो, जेवायला कधी वाढणार? आठवतच नाही त्याला. आई म्हणतात नजर लागली. ऑफिसवाले म्हणतात कामचुकार झालाय. आणि एक साहेब म्हणाले, दाखला आणा. दाखला काढला तर तो कायमचा वेडा ठरणार ना?”

दाखल्याचं उत्तर लगेच देता येत नाही. त्याआधी घरच्यांना एक गोष्ट कळावी लागते. मेंदूचा पुढचा भाग काम सुरू करणं, चालू काम थांबवणं, दोन गोष्टींचा क्रम लावणं आणि रागाला लगाम घालणं ही कामं करतो. तिथं मार बसला की हात-पाय शाबूत राहतात, पण लगाम सैल होतो. ओपीडीतल्या दहा मिनिटांत असा माणूस व्यवस्थित उत्तरं देतो, कारण तिथं खोली शांत असते आणि प्रश्न एकेक करून येतात. घरी टीव्ही, मिक्सर, मुलाचा पाढा आणि बायकोचा प्रश्न एकदम येतात. म्हणून “डॉक्टरांसमोर बरा आणि घरी असा” यात नाटक नसतं. सीटी स्कॅन स्वच्छ आला तरी बारीक तंतूंची इजा त्यात दिसेलच असं नाही. स्मृती, लक्ष आणि विचारांचा वेग मोजणारी मानसशास्त्रीय चाचणी वेगळी करावी लागते. तिला काही तास लागतात. थकवा आड येऊ नये म्हणून ती दोन बैठकांत, सकाळच्या वेळी करून घ्यावी.

ताईंना १४ दिवस एक वही लिहायला सांगितली. चार रकाने: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, काय घडलं, सावरायला किती वेळ लागला. दोन आठवड्यांत २२ नोंदी झाल्या आणि त्यातल्या १५ संध्याकाळी सहा ते नऊच्या होत्या. राग मिठाचा नव्हता, थकव्याचा होता. मग घरचा बेत बदलला. ऑफिसातून आल्यावर ४० मिनिटं पडदे ओढून एकटं पडायचं, त्या वेळात कोणी काही विचारायचं नाही. एका वेळी घरात एकच आवाज. भडका उडतोय असं वाटलं की दोघांपैकी कोणीही “थांबू” म्हणायचं आणि २० मिनिटं वेगळ्या खोलीत जायचं. हा शब्द शांत असताना ठरवावा लागतो. भांडणाच्या मध्यात पहिल्यांदा काढला तर तो आगीत तेल ओततो. पहिल्या आठवड्यात ताईंनी तो मुलासमोर, दटावल्यासारखा वापरला आणि बेत जवळपास मोडला.

आणखी एक गोष्ट वहीतून निघाली. चिडचिड वाढली होती ती फिट येऊ नये म्हणून दिलेल्या लेव्हेटिरासिटामचा डोस वाढवल्यानंतर. काही रुग्णांत हे औषध चिडखोरपणा आणतं. वही न्यूरॉलॉजिस्टना दाखवली, त्यांनी औषध टप्प्याटप्प्याने बदललं. इथे कळकळीने सांगायचं आहे: ही गोळी मनाने बंद करू नका. एकदम थांबवली तर फिट येऊ शकते.

पण दादा, म्हणजे ताईंचा नवरा, स्वतः यायला तयार नव्हते. “मला काही झालेलं नाही. हिलाच डॉक्टरकडे न्या.” घरचे याला हट्ट समजतात. स्वतःतली उणीव ओळखणं हेही मेंदूचंच काम आहे आणि दुखापतीत तेच अधू होऊ शकतं. अशा माणसाला पुरावे दाखवून वाद घातला तर तो आणखी मिटतो. समुपदेशकाचं बोलणंही त्याला बायकोच्या बाजूचं वाटतं.

इथं कामाला येतो तो त्याच वाटेनं गेलेला माणूस. एक काका, पूर्वी बस कंडक्टर, आठ वर्षांपूर्वी डोक्याला मार बसलेले. त्यांनी दादांना चहाला बोलावलं. आजाराचा विषय काढलाच नाही. टपरीवर मध्येच विचारलं, “तुला पण माणसाच्या बोलण्याइतकाच पंख्याचा आवाज मोठा येतो का रे?” दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तुम्हालाही येतो?”

त्यानंतरच्या शनिवारी ते मेंदूला मार लागलेल्यांच्या आधारगटात आले.

समदुःखी माणसांनी एकमेकांना हात देणं पुण्याला नवं नाही. १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर पडलेली माणसं नव्या माणसाशी बोलतात, त्याचं वजन या शहराने पाहिलं आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात, ज्याला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, कलम २६ मध्ये पुनर्वसनासोबत सहकाऱ्यांच्या आधाराचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा असा गट ही कोणाची मेहरबानी नाही.

मात्र नेहमीच्या सभेसारखा भरवला तर मेंदूला मार लागलेल्यांचा गट दोन महिन्यांत बंद पडतो. माणसं सहा ते आठ, त्याहून जास्त नकोत. एकूण दीड तास आणि मध्ये १५ मिनिटांची सुट्टी. खोली तळमजल्यावर, बसथांब्याजवळ, फडफडणारी ट्यूब नसलेली. विषय फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा, कारण बोलता बोलता विषय निसटतो. प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी, अगदी वर्षभर येणाऱ्याच्याही. आठवणीचा फोन दोनदा: आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या दोन तास आधी. फक्त आदल्या दिवशी केला तर निम्मे येत नाहीत, आणि आयोजकाला वाटतं लोकांना गरजच नाही. बोलायला पाच मिनिटं, समोर वाळूचं घड्याळ. ते दिसतं, म्हणून कोणाला तोंडाने थांबवावं लागत नाही आणि अपमान होत नाही.

सगळ्यात जास्त बिघडवतात ते सोबत आलेले नातेवाईक. प्रश्न त्याला विचारला की उत्तर आई देते. शब्द सापडायला त्याला २० सेकंद लागतात, आईला ते बघवत नाही. म्हणून नातेवाइकांची बैठक शेजारच्या खोलीत ठेवावी. त्यांनाही रडायला जागा लागते, आणि ती त्याच्यासमोर नको. “माझी गाठ तुझ्यापेक्षा मोठी होती” ही चढाओढ आणि “ही गोळी सोड, ती घे” हा सल्ला, दोन्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून बंद करावेत. कोणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर ते गटात ठेवून द्यायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना कळवायचं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर त्याच्यासोबत बसून फोन लावायचा. गुप्ततेचा नियम इथं लागू नाही, हे आधीच सांगून ठेवावं.

तिसऱ्या बैठकीत दाखल्याचा विषय निघाला, तोही एका बाईंच्या तोंडून: “मी ते दाखल्याचं कार्ड कपाळावर लावत नाही, पर्समध्ये ठेवते. लागेल तिथं काढते.” ताईंना आम्ही हेच सांगितलं होतं. दादांना ते त्या बाईंकडून पटलं.

आता दाखल्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि त्यात ‘मेंदूची दुखापत’ हे नाव नाही. त्यामुळे मोजली जाते ती दुखापत नव्हे, तिने मागे ठेवलेली उणीव. हाताची कमजोरी चलनवलनाच्या अपंगत्वात, शब्द न सापडणं म्हणजे अफेजिया वाचा व भाषेच्या अपंगत्वात. स्मृती, वर्तन आणि निर्णयशक्तीचं काय? कायद्यातल्या ‘मानसिक आजार’ या व्याख्येत विचार, स्मृती, वर्तन, निर्णय हे शब्द आहेत, म्हणून दाखला देणारं वैद्यकीय मंडळ मानसोपचार विभागाकडे पाठवू शकतं. घरचे नेमके इथे बिथरतात. ताईही बिथरल्या. त्या शीर्षकाचा अर्थ माणूस वेडा आहे असा होत नाही, आणि मानसिक आजार ही लाजेची बाब आहे हेही आधी मनातून काढावं लागतं.

दाखल्याचा अर्ज ऑनलाइन, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या स्वावलंबन पोर्टलवर. पुण्यात ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय ही नेहमीची ठिकाणं. आधार, फोटो, डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचे अहवाल, आणि असतील तर मानसशास्त्रीय चाचणी व स्पीच थेरपिस्टचा अहवाल, सगळ्याच्या दोन प्रती. सोबत ती १४ दिवसांची वही. चूक होते ती अशी की लोक एकट्या हातापुरता अर्ज करतात, कारण तेवढंच दिसतं. हाताला २० टक्के मिळतात आणि घरचे परततात, पण सवलतींसाठी उंबरठा ४० टक्क्यांचा आहे. दोन अपंगत्वं असतील तर त्यांची नुसती बेरीज होत नाही. मोठा आकडा तसाच ठेवायचा. ९० मधून तो वजा करून उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि मोठ्यात मिळवायचं. म्हणजे ३० आणि २० असतील तर ५० होत नाहीत, साधारण ४३ होतात. तरी उंबरठा ओलांडला जातो. दादांचंही दोन विभागांत मोजलेलं मिळून ४० च्या वर गेलं. सुधारणा अजून चालू असेल तर मंडळ तात्पुरता दाखला देऊन पुन्हा तपासणीची तारीख लिहू शकतं. “कायमचा” ही भीती तिथंही थोडी सुटते.

शिक्क्याची भीती नोकरीपायी असते, आणि या घरात नोकरी दाखल्यानेच वाचली. कार्यालयात सहानुभूतीने सुचवलं जात होतं की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, सुटाल. असा कागद पुढे आला की सही करू नका, घरी घेऊन या. कायद्याचं कलम २०(४) सांगतं की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, खालच्या पदावर ढकलू शकत नाही. मूळ काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपलीकडचं पद. त्या उपकलमात ४० टक्क्यांची अटही लिहिलेली नाही. खासगी नोकरीला हे संरक्षण नाही. तिथं समान संधी धोरण मागून घ्यावं. ते प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे, आणि त्यात सोयींचा तपशील असावा लागतो; २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर आणखी तपशील लागतो.

कार्यालयाकडे सोयी मागणारा अर्ज एका पानाचा केला. “सहकार्य करावे” असल्या मोघम वाक्यांनी काही मिळत नाही. लिहिलं ते असं: जागा काउंटरपासून दूर, तोंडी सूचनेऐवजी चिठ्ठीवर सूचना, काम सांगणारा अधिकारी एकच, पहिले चार आठवडे चार तास, मग दर दोन आठवड्यांनी एक तास वाढ, दोन वेळा १५ मिनिटांची विश्रांती, तीन महिन्यांनी आढावा. बिलांच्या टेबलाऐवजी आवक-जावक मागितलं, कारण त्यात प्रत्येक टपालाची नोंद तिथंच संपते, डोक्यात काही धरून ठेवावं लागत नाही. खाली कलम २०, सोबत दाखल्याची प्रत, आणि आपल्या प्रतीवर पोच. पोच घेतली नाही तर तो अर्ज झालाच नाही असं समजा. उत्तर आलं नसतं तर पुढची पायरी कार्यालयातले तक्रार निवारण अधिकारी, मग राज्याचे दिव्यांग आयुक्त. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे आणि तक्रार स्वतः करता येते. इथवर जावं लागलं नाही.

अपघाताच्या भरपाईचं एका ओळीत: दावा करायला मोटार वाहन कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती चुकवू नका. शिवाय राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच म्हटलं की शरीराची टक्केवारी आणि कमाईची क्षमता किती गेली हे दोन वेगळे हिशेब आहेत. स्मृतीच्या चाचणीचा अहवाल तिथंही लागतो.

हे सगळं एकेका घराने पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं, याचं कारण यादीत नाव नसणं. कायद्याच्या त्याच यादीत, म्हणजे अनुसूचीत, केंद्र सरकार अधिसूचना काढून नवा प्रकार जोडू शकतं अशी तरतूद आहे, म्हणून गटाने निवेदन केंद्राकडे पाठवायचं ठरवलं. अट एकच ठेवली: सह्या मार लागलेल्यांच्याच, नातेवाइकांच्या वेगळ्या पानावर. दादांनी मसुद्यातला एक परिच्छेद लिहिला. सात ओळींना चार दिवस लागले आणि दोन शब्द चुकलेच. गटाने ते तसेच ठेवले.

आज ते सहा तास काम करतात. आठ तास जमतील की नाही हे पुढच्या आढाव्यात कळेल. ताट भिरकावणं थांबलंय, दार आपटणं नाही. श्रावणात घरामागच्या मैदानावर ढोलांचा सराव सुरू झाला तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन पथकाला वेळ विचारली आणि वहीत लिहिली: सात ते नऊ. त्या दोन तासांत आता ते मुलाला घेऊन कालव्याकडेनं फिरायला जातात.