वाचकांचे प्रश्न: चिकाच्या थेंबात नेचा कसा उगवला?

प्रश्न: आजीने परवा कुरडया घातल्या. चीक गच्चीवर नेताना टीपॉयच्या काळ्या काचेवर चार थेंब सांडले, पुसायचे राहून गेले आणि सकाळी बघतो तर प्रत्येक थेंबात नेच्याच्या पानासारखी पांढरी नक्षी! आजी म्हणते बुरशी आली, चीक नासलाय. कुरडया टाकून द्यायच्या का?
– दहावीतला वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: अरे, एकही कुरडई टाकू नका! आधी त्या नक्षीवर पाण्याचा एक थेंब सोड आणि आजीला शेजारी बसवून दाखव, पांढऱ्या काड्या बघता बघता विरघळतील. बुरशी अशी विरघळत नाही, ते चिकात घातलेलं मीठ आहे.

आता मीठ म्हटलं की चौकोनी खडे, मग इथे पानं कुठून आली? 100 मिली पाण्यात साधारण 36 ग्रॅमच मीठ मावतं, पाणी उडत गेलं की जास्तीचं मीठ बाहेर पडणारच. साध्या पाण्यात ते मोकळेपणाने सरकतं म्हणून खडे नीट चौकोनी होतात, पण शिजलेल्या चिकात स्टार्चच्या लांबलचक साखळ्या (अशा साखळीलाच पॉलिमर म्हणतात) फुगून एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्यातून मिठाला वाट काढत यावं लागतं. मग खड्याचं जे टोक जरा पुढे आलं त्याला ताजं मीठ आधी मिळतं, मागच्या खाचेतलं संपलेलं असतं, त्यामुळे टोक अजून पुढे धावतं आणि त्याच्या अंगाला पुन्हा तशीच टोकं फुटतात. झाला नेचा!

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात स्टार्च आणि जिलेटिनमध्ये मीठ घालून अशा थेंबांवर खरोखर संशोधन झालंय. अश्रूचा थेंब काचेवर वाळवला तरी अशीच पानं उमटतात, तिथे स्टार्चच्या जागी प्रथिनं असतात, आणि डोळे कोरडे पडलेल्या माणसाच्या थेंबात ती तुटक दिसतात म्हणून ही तपासणीही करतात. मला तर हे फार भारी वाटतं.

तू आता काचेवर तीन थेंब टाक, एक नुसत्या मीठपाण्याचा, एक पातळ चिकाचा, एक घट्ट चिकाचा, फॅन बंद ठेव आणि वाळल्यावर भिंगातून बघ. फोटो लगेच काढ हं, कारण पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि सगळी पानं ओली होऊन पसरतात.