माफीपत्र घेऊन प्रकरण शाळेतच मिटवता येईल का?

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत आठवीच्या तीन मुलांनी वर्गातल्या मुलीचा घुमट या वाद्यावर होणाऱ्या आरतीतला फोटो उचलला, तिचा चेहरा नग्न चित्राला जोडला आणि तिच्याच नावाच्या खोट्या इन्स्टाग्राम खात्यावर टाकला. तिच्या आईवडिलांना बोभाटा नको आहे. व्यवस्थापन म्हणतं, माफीपत्र घ्या, मुलांच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला द्या, विषय संपवा. ते फोटो पुरावा म्हणून मी माझ्या फोनमध्ये ठेवले आहेत. काय करू?

उत्तर : बाई, आधी फोनचं. ते फोटो कुणालाही पाठवू नका, व्यवस्थापनालासुद्धा नाही. बनावट असलं तरी पॉक्सो या, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या लेखी ते बालकाचं अश्लील चित्रणच आहे. खात्याचं नाव, लिंक आणि तारीख कागदावर लिहून घ्या आणि फोटो फोनमध्ये आहेत हे पोलिसांना पहिल्याच भेटीत सांगा.

हे प्रकरण मिटवण्याचा अधिकार तुम्हाला नाही, आईवडिलांनाही नाही. पॉक्सोच्या कलम १९ नुसार गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सद्भावनेनं कळवणाऱ्यावर मात्र कायदा कसलीही जबाबदारी टाकत नाही. म्हणून आजच वाळपई पोलीस ठाण्यात लेखी कळवा. बोभाट्याची भीती मी समजू शकतो, पण मुलीची ओळख उघड करण्याला कायद्यानं बंदी आहे. हे तिच्या आईला तुम्ही स्वतः, घरी जाऊन सांगा.

त्या तीन मुलांचं काय, ही काळजीही तुम्हाला असेल. ती रास्त आहे. त्यांचं प्रकरण अठराखालच्या मुलांचे गुन्हे हाताळणाऱ्या बाल न्याय मंडळाकडे जाईल. मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकतं. गुन्हा जघन्य, म्हणजे कायद्यानं अतिगंभीर मानलेल्या, वर्गातला नसेल आणि त्यात कुणी प्रौढ सामील नसेल, तर बाल न्याय नियमांप्रमाणे एफआयआरऐवजी स्टेशन डायरीत नोंद होते. दाखला मात्र देऊ नका. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नं मनाई केली आहे. शिवाय ती मुलं दुसऱ्या शाळेत जातील आणि जाताना फोन सोबत नेतील.

व्यवस्थापनाला एक विचारा : या तिघांना हा गुन्हा आहे हे कधी कुणी सांगितलं होतं? रस्त्यावरचे नियम आपण पहिलीपासून शिकवतो, मग हातातल्या फोनचे का नाहीत? पाचवीपासून दर महिन्याला एक तास ठेवा, त्यात पालक-शिक्षक संघालाही बसवा. नुसता फोटो पुढे पाठवणाराही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्ये अडकतो, हे मुलांना उदाहरणासह सांगा. सगळ्यात जास्त वेळ बघ्यांवर द्या. वर्गातल्या कितीजणांनी ते खातं पाहिलं आणि गप्प बसले? त्यांना १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक पाठ हवा, आणि शाळेत भीती न बाळगता ज्यांच्याकडे जाता येईल अशा एका शिक्षिकेचं नावही.

त्या मुलीला या आठवड्यात वर्गात एकटं बसू देऊ नका.