हिंदीत मराठी हेल येतो, म्हणून स्पीच थेरपी सोडू का?

प्रश्न : मी इंदूरला रामबागेत राहते. घरात मराठी, बाहेर हिंदी. बीएएसएलपीच्या, म्हणजे स्पीच थेरपी आणि ऑडिऑलॉजीच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. क्लिनिकमध्ये माझ्याकडे एक लहान मुलगा होता, 'काका'ला 'ताता' म्हणणारा. त्याचे वडील सुपरवायझरना म्हणाले, "मॅडम की हिंदी मराठी जैसी है, बच्चा वही सीख जाएगा." केस दुसरीला दिली. पुढे एम.एस्सी.ला ऑडिऑलॉजीच, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीची शाखा, घ्यावी असं वाटू लागलंय. तिथे तरी बोलणं कमी. काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुला वाईट वाटलं ते साहजिक आहे. पण आधी त्या मुलाचा दोष नीट बघ. 'क' म्हणताना जिभेची मागची बाजू वर जायला हवी. त्याची जिभेची पुढची बाजू दातांकडे जाते, म्हणून 'त' निघतो. हा 'क' मराठीत आणि हिंदीत एकच आहे. म्हणजे या केसमध्ये तुझ्या हेलाचा संबंधच नव्हता, आणि सुपरवायझरनी वडिलांना हे तिथल्या तिथे समजावून सांगायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. आठवड्यातून एक-दोनदा तुझ्यासमोर बसणारं मूल दिवसभर आई-बाबांची आणि गल्लीतल्या पोरांची हिंदी ऐकतं. ते बोलणार त्यांच्यासारखंच.

वडिलांची शंका मात्र खोटी नाही. 'है' आपल्या तोंडून 'हइ' होतं, 'जाना'तला 'ज' मराठी 'जाणे'सारखा लागतो. उद्या एखाद्या मुलाला नेमका तोच 'ज' शिकवायचा असेल, तर तो तुला हिंदी वळणाने काढता आलाच पाहिजे. सगळी हिंदी बदलायची गरज नाही, तेवढा ध्वनी हवा तेव्हा अचूक यायला हवा. शब्द रेकॉर्ड कर आणि हिंदी घरातल्या वर्गमैत्रिणीला, कोणाचा आवाज ते न सांगता, ऐकव. तोवर सेशनमध्ये नमुना म्हणून तो शब्द मुलाच्या आईला म्हणायला लाव. घरी सराव तिलाच घ्यायचा असतो.

अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने, 'आशा'ने, 1998 मध्ये हीच भूमिका घेतली : हेल असलेली व्यक्ती हे काम करू शकते, फक्त दोष ओळखण्याचं ज्ञान हवं आणि शिकवायचा ध्वनी स्वतः काढून दाखवता यायला हवा. त्याआधी 1995 मध्ये मन्रो आणि डर्विंग या संशोधकांनी दाखवलं होतं की हेल ठळक असला तरी बोलणं पूर्ण समजू शकतं. आणि 1992 चा डोनाल्ड रुबिन यांचा प्रयोग तर तू वाचच. विद्यार्थ्यांना एकच रेकॉर्डिंग ऐकवलं, सोबतचा फोटो तेवढा बदलला. आशियाई चेहरा दिसला की त्यांना परका हेल ऐकू आला आणि मजकूरही कमी समजला. तेव्हा पुढेही कोणी पालक तुझं आडनाव वाचूनच हेल ऐकतील. त्यावर तुझ्या उच्चारात इलाज नाही.

आता ऑडिऑलॉजी. कानाची, श्रवणयंत्रांची खरी ओढ असेल तर जरूर घे. पण पळवाट म्हणून नको, कारण तिथेही स्पीच ऑडिओमेट्रीत पेशंटला शब्द ऐकवायचे असतात, आणि रेकॉर्ड केलेली यादी हाताशी नसली तर ते आपल्याच तोंडून.

शिवाय स्पीच थेरपी म्हणजे नुसते उच्चार नव्हेत. तोतरेपणा आहे, शिक्षकांचे बसलेले आवाज आहेत, गिळण्याचे त्रास आहेत. आणि पक्षाघातानंतर वाचा गेलेले रुग्ण आहेत. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाच्या दोन्ही भाषा दरवेळी सारख्याच परत येतात असं नाही. इंदुरात कितीतरी मराठी आजी-आजोबा आहेत, ज्यांची पहिली भाषा घरातली. त्यांना फक्त हिंदीतून तपासलं तर अर्धंच चित्र दिसतं. तिथे तुझं मराठी फार मोलाचं आहे, आणि हे सुपरवायझरना तू स्वतःहून सांग.

पुढची नवी केस मिळाली की पहिल्याच भेटीत पालकांना मोकळेपणाने सांग : "मेरी मातृभाषा मराठी है. आपके बच्चे को यह आवाज़ सीखनी है, सुनिए, मैं बोलकर दिखाती हूँ." आणि तो ध्वनी काढून दाखव. एम.एस्सी.चा निर्णय इंटर्नशिपच्या वर्षापर्यंत थांबू दे. तोवर दोन्हीकडचे पेशंट भरपूर बघ.