'सेल्जुक लोक' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की अकराव्या-बाराव्या शतकात इराण-इराकवर राज्य करणारे सेल्जुक तुर्क ही जमात होती की राजघराणं, 'सेल्जुक लोक' म्हटलं तर चालेल का, आणि लिहायचं कसं, सेल्जुक, सल्जूक की सेल्चुक? स्पेलिंगचं आधी उरकून टाकतो. अरबी-फारसीत सल्जूक, आजच्या तुर्कीत सेल्चुक, सेल्जुक आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांतून आलं. कुठलंही घ्या, फक्त एका लेखात एकच ठेवा.

आता जमातीचं. सेल्जुक हे मुळात एका माणसाचं नाव, मध्य आशियातल्या भटक्या, पशुपालक ओघुझ तुर्कांच्या किनिक टोळीतला सरदार, दहाव्या शतकाच्या शेवटी सिर दर्याकाठच्या जंदला आला आणि मुसलमान झाला. त्याचे वंशज ते सेल्जुक. भोसल्यांचं राज्य होतं म्हणून सगळे मराठे काही भोसले होत नाहीत ना, तसंच. काशगरच्या महमूदनं 11व्या शतकात तुर्की भाषांचा कोश केला, त्यात ओघुझांच्या 22 टोळ्या दिल्यात आणि किनिक पहिली, का तर सुलतान त्यातले! म्हणजे तेव्हाही टोळी वेगळी, घराणं वेगळं हे लोकांना पक्कं माहीत होतं.

सेल्जुकच्या नातवांनी, तुघ्रिल आणि चघरीनं, 1040 मध्ये आजच्या तुर्कमेनिस्तानातल्या दंदानकानला सोमनाथवाल्या महमूदच्या मुलाला, मसूदला हरवलं, 1055 मध्ये तुघ्रिल बगदादमध्ये. पण मग दरबारात फारसी आली, निजामुल्मुल्कसारखे इराणी वजीर आले, आणि कळप घेऊन मागून आलेले ओघुझ (मुसलमान झाल्यावर यांनाच तुर्कमान म्हणायला लागले) सुलतानांना नकोसे व्हायला लागले, कारण ही माणसं करही धड देईनात आणि शेतात जनावरं घालायची.

याचा कडेलोट 1153 मध्ये झाला. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खजवळच्या ओघुझांनी सेल्जुक सुलतान संजरच्या मुदपाकखान्याला दरवर्षी 24,000 मेंढ्या द्यायच्या असा ठराव होता, वसुलीवाल्यानं जास्तच ताणलं तर त्यांनी त्यालाच उडवला, आणि संजर चालून गेला तर त्यालाच कैद केलं. सेल्जुक सुलतान ओघुझांच्या कैदेत, जवळजवळ तीन वर्षं! आता इथं 'सेल्जुक लोक' लिहिलंत तर कोणी कोणाला पकडलं हेच कळायचं नाही.

तेव्हा 'सेल्जुक सुलतान', 'सेल्जुक काळ' खुशाल लिहा, माणसांना मात्र ओघुझ किंवा तुर्कमान म्हणा. आणि आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्याच्या सेल्जुक शाखेला 'रूमचे सेल्जुक' म्हणतात त्याचं कृपा करून 'रोमन सेल्जुक' करू नका. रूम म्हणजे बायझंटाईनांकडून (पूर्व रोमन साम्राज्याकडून) घेतलेला अनातोलिया, बायझंटाईनांचं राज्य रोमचंच म्हणवायचं म्हणून ते नाव. पुढे उस्मानी तुर्कांनाही आपल्याकडे रूमीच म्हणायचे, 1549 मध्ये अहमदनगरला मलिक-ए-मैदान तोफ ओतणारा महंमद बिन हसन रूमी त्यातलाच.