वाचकांची विचारणा : ग्रंथालयातून नाहीसे होणारे नकाशे

मागील अंकात या सदरात मुंबईच्या जुन्या नकाशांविषयी, विशेषतः १८६५ ते १८७२ या काळात झालेल्या शहर मोजणीविषयी माहिती दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांत नकाशे कसे वाचावेत यापेक्षा ते कसे नाहीसे होतात याचीच विचारणा अधिक झाली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची व संस्थांची नावे त्यांच्याच इच्छेवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शंभर वर्षांहून जुन्या वाचनालयात एका इंग्रजी नकाशासंग्रहाचे जाडजूड बाड आहे. यंदाच्या पडताळणीत पुस्तक जागेवर मिळाले, परंतु उघडून पाहिल्यावर पश्चिम किनाऱ्याची तीन पाने कापून नेल्याचे आढळले. दाखल नोंदवहीत केवळ पुस्तकाचे नाव व क्रमांक आहे. पाने केव्हा गेली हे सांगता येत नाही. कार्यकारिणीतील काही सदस्यांचे म्हणणे असे की, बोभाटा झाल्यास देणगीदार दुरावतील, तेव्हा प्रकरण मिटवावे. आपले मत काय? (मानद कार्यवाह, गिरगाव)

उत्तर : बोभाटा करावाच, आणि तोही लवकर. चोरलेला नकाशा घरात लपवून ठेवण्यासाठी क्वचितच चोरला जातो; तो विकण्यासाठी चोरला जातो. विक्रेत्यांना व संग्राहकांना त्याची खबर नसेल, तर तो राजरोसपणे हातोहात फिरतो. स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातून २००७ मध्ये प्राचीन भूगोलज्ञ टॉलेमीच्या 'भूगोल' या ग्रंथाच्या १४८२ सालच्या आवृत्तीतील जगाचे नकाशे कापून नेल्याचे उघडकीस आले, तेव्हा गदारोळ झाला आणि संचालिकाबाईंना पद सोडावे लागले. पण गाजावाजा झाल्यामुळेच संशयित वाचकाचे नाव पुढे आले आणि ऑस्ट्रेलियापासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेली पाने परत मिळवता आली. देणगीदार दुरावण्याची भीती समजण्यासारखी आहे, तथापि चोरी दडवली होती हे चार वर्षांनी कळल्यावर ते अधिकच दुरावतील.

प्रथम ते बाड वाचकांना देणे थांबवावे, परंतु त्याची डागडुजी मात्र मुळीच करू नये. कापलेल्या पानाचा जो बारीक पट्टा शिवणीत उरलेला असतो, तोच आपला सर्वांत मोठा पुरावा आहे. तो भिंगाखाली पाहावा. कड सरळ व स्वच्छ असेल तर ब्लेड वापरले गेले आहे. कड मऊ, किंचित केसाळ असेल तर ओल्या दोऱ्याची युक्ती केलेली असू शकते. दोरा तोंडात भिजवून पानाच्या सांध्यात ठेवायचा, पुस्तक मिटून निवांत बसायचे आणि कागद ओलसर झाला की आवाज न करता पान ओढून घ्यायचे, ही चोरांची जुनी रीत आहे. त्यानंतर आधीचे व नंतरचे पान तपासावे. वर्षानुवर्षे समोरासमोर दाबून राहिलेल्या नकाशाच्या शाईची फिकट सावली समोरच्या पानावर उतरलेली असते. कसरीने पाडलेली भोके अनेक पानांतून आरपार एकाच जागी गेलेली असतात. पाण्याचा डाग पानागणिक थोडा थोडा लहान होत जातो. उद्या एखाद्या दुकानात संशयित नकाशा सापडलाच, तर तो आपल्याच बाडातला हे सिद्ध करणारी साक्ष हीच. म्हणून मोजपट्टी शेजारी ठेवून या सर्वांची छायाचित्रे घ्यावीत.

नोंदवहीत पानांची यादी नसली तरी ती आता तयार करता येते. त्याच आवृत्तीची दुसरी प्रत शोधावी. अमेरिकेतील डेव्हिड रम्सी संग्रहासारख्या ठिकाणी असे कितीतरी नकाशासंग्रह पानोपान इंटरनेटवर पाहता येतात. त्यावरून नेमके कोणते नकाशे गेले ते लिहून काढावे आणि मगच स्थानिक पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. 'तीन पाने गहाळ' एवढ्या वर्णनावर कोणीही काही शोधू शकत नाही. नकाशाचे शीर्षक, काढणाऱ्याचे नाव, साल, माप, रंग हाताने भरले आहेत की नाहीत, घडीची रेघ कोठे आहे, एवढे तरी फिर्यादीत हवे. चोरी १ जुलै २०२४ पूर्वीची की नंतरची यावर जुनी दंडसंहिता लागू होईल की भारतीय न्याय संहिता हे ठरेल, परंतु तो प्रश्न पोलिसांचा. तारीख ठाऊक नाही म्हणून फिर्याद अडत नाही. इंटरपोलकडे चोरीस गेलेल्या कलावस्तूंची सूची असते व तीत नोंद सरकारी तपास यंत्रणेमार्फतच होते, म्हणूनही फिर्याद आवश्यक ठरते. तिची प्रत जुनी पुस्तके व नकाशे विकणाऱ्या शहरातील दुकानदारांना स्वतः नेऊन द्यावी.

पत्राच्या शेवटी आपण ओझरते लिहिले आहे की, संशय शिपायावर आहे. त्याबाबत स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्याकडे काहीही हरवले की पहिली नजर शिपायाकडे वळते. नकाशांच्या मोठ्या चोऱ्यांचा इतिहास मात्र बोट भलतीकडेच दाखवतो. पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात २०१७ मध्ये विम्यासाठी दुर्मीळ संग्रहाचे मूल्यांकन करताना सुमारे ८० लाख डॉलरचा ऐवज नाहीसा झाल्याचे उघड झाले. तो नेणारा होता त्या विभागाचा अभिलेखपालच. जवळजवळ पंचवीस वर्षे तो पुस्तके व पाने बाहेर काढत होता आणि शहरातील एक प्रतिष्ठित ग्रंथविक्रेता ती विकत होता. स्टॉकहोमच्या शाही ग्रंथालयात २००४ मध्ये पकडला गेलेला चोर हस्तलिखित विभागाचा प्रमुख होता. त्याने विकलेल्या पुस्तकांत अमेरिका खंडाचा १५९७ सालचा पहिला नकाशासंग्रहही होता. ज्याच्यावर कोणी संशय घेणार नाही, ज्याच्याकडे किल्ली आहे आणि ज्याला कोणत्या कागदाला किती भाव येतो हे ठाऊक आहे, अशाच माणसाला ही चोरी सहज जमते. शिपायाला बोलावून दरडावण्यापूर्वी कपाटाच्या किल्ल्या गेल्या दहा वर्षांत कोणाकोणाकडे होत्या याची यादी करावी, आणि त्या यादीत कार्यकारिणीची नावेही घालावीत.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मुंबई बेटाचा चौकटीत बसवलेला जुना नकाशा विकत घेतला. तो लंडनला मुलीकडे पाठवण्याचा विचार आहे. तो चोरीचा नाही हे कसे ओळखावे? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : त्याआधी तो जुना तरी आहे का, हे पाहावे. चौकटीतून काढून भिंगाखाली धरल्यावर रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते अलीकडचे छापील चित्र आहे आणि आपली चिंता मिटली. बाजारात तेच अधिक असते. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापलेल्या नकाशात रेघा अखंड असतात, बोट फिरवल्यास शाई किंचित उंच लागते आणि चारही बाजूंनी पत्र्याच्या दाबाची खोलगट कड उमटलेली असते.

नकाशा अस्सल असल्यास त्याची मागील बाजू खिडकीशी तिरपी धरून पाहावी. शिक्का खरवडल्याने कागद पातळ झालेली जागा, ब्लीचने उजळलेला गोल, पुसलेल्या पेन्सिलीच्या आकड्यांचे व्रण, यांपैकी काही दिसल्यास विक्रेत्याकडे लेखी खुलासा मागावा. मधली घडी व एका बाजूची कापलेली कड एवढ्यावरून मात्र चोरी सिद्ध होत नाही, कारण मालकीचे नकाशासंग्रह फोडून एकेक पान विकण्याचा धंदा व्यापारी पिढ्यान्पिढ्या उघडपणे करत आले आहेत. (तो कायदेशीर आहे, ग्रंथप्रेमींच्या जिवावर येतो ते वेगळे.) उलट 'निर्लेखित' असा शिक्का असला म्हणून निर्धास्तही राहू नये. पिट्सबर्गच्या प्रकरणात विक्रेत्याने ग्रंथालयातून बाद केल्याचा शिक्का स्वतःच मारला होता. शिक्का दिसल्यास त्या संस्थेला पत्र लिहून विचारणे एवढाच खात्रीचा मार्ग. माल चोरीचा निघाल्यास, आपण पूर्ण दाम मोजले असले तरी, मालकी मूळ संस्थेचीच राहते. विकणाऱ्याकडे जी मालकी नव्हती ती तो आपल्याला देऊ शकत नाही. पैसे त्याच्याकडून वसूल करावे लागतात, म्हणून पावती जपून ठेवावी.

लंडनचा विचार मात्र तूर्त बाजूला ठेवावा. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक मोलाची वस्तू पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक वा शास्त्रीय मोल असलेल्या हस्तलिखितांना व कागदपत्रांना हीच मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकार व त्याने नेमलेल्या यंत्रणेखेरीज कोणासही नाही. मुलीला भेट म्हणून पाठवणेही याला अपवाद नाही, आणि शिक्षा किमान सहा महिने कारावासाची आहे. वस्तू या व्याख्येत बसत नसल्याची खात्री भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून लेखी करून घेतल्यावाचून ती विमानतळावर नेऊ नये.

प्रश्न : मी संशोधक विद्यार्थिनी आहे. फोर्टमधील एका जुन्या ग्रंथालयात पिशवी बाहेर ठेवायला लावतात, पेन काढून घेतात, एका वेळी एकच वस्तू देतात आणि परत करताना माझ्यासमोर पाने मोजतात. त्याच वेळी शेजारच्या मेजावर एक नामवंत अभ्यासक आपल्या बॅगेसह बसलेले असतात. हा अपमान नव्हे काय? (कलिना)

उत्तर : मोजणीत अपमान नाही, शेजारच्या मेजावर जे घडते त्यात आहे, आणि धोकाही तेथेच आहे. फोर्ब्स स्मायली हा अमेरिकेतील नावाजलेला नकाशाविक्रेता होता. ग्रंथपाल त्याला ओळखत, त्याच्या जाणकारीवर विसंबत. जून २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात एका कर्मचारी बाईंना वाचनकक्षाच्या जमिनीवर ब्लेडचे पाते पडलेले दिसले. त्यांनी ते उचलून फेकून दिले नाही, तर आत कोण बसले आहे ते पाहिले, म्हणून तो पकडला गेला. पुढे त्याने ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली आणि त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. यातील विचार करायला लावणारा भाग असा की, आपले काही गेले आहे हे त्यांपैकी काही ग्रंथालयांना त्याच्या कबुलीनंतरच कळले. त्याने परत केलेली पुस्तके त्याच्यासमोर मोजली असती, तर पहिल्या-दुसऱ्या नकाशालाच तो सापडला असता. बॉल्टिमोरच्या पीबडी ग्रंथालयातही १९९५ मध्ये नकाशे नेणारा एक सराईत चोर सापडला, तो शेजारी बसलेल्या एका वाचक बाईंच्या सावधपणामुळे.

आपल्यासमोर पाने मोजली जातात, तेव्हा आपल्या आधीच्या वाचकाने नेलेले पान आपल्या नावावर पडत नाही, हा आपलाही लाभ आहे. वस्तू घेताना तीच मोजणी करून मागावी. नामवंतांच्या बॅगेबद्दल मात्र ग्रंथपालांना लेखी विचारावे. आपली तक्रार रास्त आहे.

प्रश्न : अनुदान तुटपुंजे आहे. सीसीटीव्ही बसवावा की नकाशांचे डिजिटायझेशन करावे? (ग्रंथपाल, दादर)

उत्तर : दोन्हींच्या आधी प्रत्येक नकाशाला स्वतःचा क्रमांक द्यावा. बाडातील चाळीस नकाशांची नोंदवहीत एकच ओळ असेल, तर कॅमेरा कशाचे रक्षण करणार? क्रमांक मऊ पेन्सिलीने मागील बाजूस लिहावा आणि छोटा शिक्का, न पुसणाऱ्या पण कागदाला न खाणाऱ्या शाईने, अशा जागी मारावा की तो कापून काढल्यास नकाशाची किंमत घसरेल. नकाशाचे सौंदर्य बिघडते असा आक्षेप येतो. आमच्या मते तो सोसावा.

छायाचित्रांसाठी सध्या साधा मोबाइल चालेल, परंतु सुट्या नकाशाच्या चारही कडा आणि मागील बाजू त्यात आलीच पाहिजे. सुबक डिजिटायझेशनमध्ये कडा छाटून टाकतात आणि ओळख पटवण्यासाठी नेमक्या त्याच लागतात. कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते आणि चोरी तर वर्षांनी कळते. त्यामुळे तो दुय्यम. मेज ग्रंथपालाच्या नजरेसमोर आणणे, खांबाआडची जागा बंद करणे, याला पैसे लागत नाहीत. मागणीच्या चिठ्ठ्याही रद्दीत घालू नयेत. कोणत्या तारखेला कोणी काय पाहिले याचा दुसरा पुरावा नसतो, आणि स्मायलीने कोणती पुस्तके हाताळली हे ग्रंथालयांनी पुढे अशाच चिठ्ठ्यांवरून शोधले. त्या वर्षवार गठ्ठे बांधून, नकाशांच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे नाही अशा व्यक्तीच्या ताब्यात ठेवाव्यात.