क्रँक निघत नाही, हातोडी मारू का?

प्रश्न : पावसाळाभर सायकल मिरामारला बाल्कनीत उभी होती. आता पेडल मारताना करकर येते. बोल्ट काढला, तरी क्रँक (पेडल जिला लागतं ती दांडी) जागची हलत नाही. हातोडीने ठोकू का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नका हो ठोकू! त्या घावाने बेअरिंग जाईल. समुद्राची खारी हवा लागली की ॲल्युमिनियमची क्रँक पोलादी एक्सलला (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या आसाला) घट्ट धरून बसते. रात्रीच गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा.

तुमचा एक्सल चौकोनी असेल तर २२ मिलिमीटर आट्यांचा क्रँक पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढायचं हत्यार, घ्या. आधी बॅटरी मारून आत बघा : वॉशर राहिलाय का? मी रायबंदरला एकदा तो तसाच ठेवून पुलर आवळला. पुलर वॉशरवर टेकला, क्रँकचे आटे सोलले गेले आणि चांगली क्रँक वाया गेली. फार वाईट वाटलं.

क्रँकचे आटे जुन्या टूथब्रशने घासा. पुलरचा आतला दांडा पूर्ण मागे घ्या, मग पुलर त्या आट्यांत हातानेच, वाकडा न जाऊ देता, शेवटपर्यंत बसवा. दोन-तीन फेऱ्यांत अडला तर सोडवून पुन्हा लावा. मग पाना लावून दांडा आवळत जा. क्रँक आपसूक बाहेर सरकते. दोन्ही बाजूंना रीत हीच.

काळ्या जुन्या सायकलीला कॉटर पिन (क्रँक एक्सलवर अडकवणारी पाचर) असते, तिथे हा पुलर चालत नाही.

परत बसवताना बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटर (टॉर्क पान्यावर दिसणारा पिळाचा जोर) आवळा. सैल क्रँकवर फेरीबोटीपर्यंतसुद्धा जाऊ नका, चौकोनी भोक झिजून गोल होतं.