लेकरू रडलं की माझा हात उठतो

ताई, मी १९ वर्षांची. धारूर तालुक्यातलं गाव. अठरा भरल्याबरोबर लग्न झालं, मुलगा परवा नऊ महिन्यांचा झाला. मालक ऊसतोडीला गेलेत, मी सासूबाईंजवळ असते. लहानपणी आईबाप उसाच्या फडावर जायचे तेव्हा मला चुलत्याकडं ठेवायचे. तो दोरखंडानं मारायचा, धान्याच्या बळदात कोंडायचा. आणखीही काही व्हायचं, ते लिहवत नाही. आता रात्री लेकरू रडायला लागलं की माझा हात उठतो. मागच्या आठवड्यात मी त्याला दंडाला धरून गदागदा हलवलं. आशाताई म्हणतात, सरकारी दवाखान्यात फुकट समुपदेशन असतं. सासूबाई म्हणतात, ते येड्यांचं असतं. गेले तर लेकरू काढून घेतील का? गावात कळेल का?

पोरी,

आधी हलवण्याचं बोलू. एवढ्या लहान लेकराला जोरात हलवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, वरून काही दिसत नाही. त्या दिवसापासून तो सुस्त असेल, पीत नसेल, उलट्या किंवा झटके आले असतील, तर आजच दवाखान्यात ने आणि हलवल्याचं लपवू नकोस. पुन्हा तसं होईल असं वाटलं की त्याला अंथरुणावर उताणं ठेव आणि ओसरीवर ये. पाच-दहा मिनिटं रडला तर काही बिघडत नाही. सासूबाईंना उठवलंस तरी चालेल, त्या कुरकुरतील, कुरकुरू दे.

आता चुलत्याचं. ज्यांनी लहानपणी मार खाल्ला ते सगळे पुढं मारतात, हे खोटं आहे. बहुतेक जण मारत नाहीत. पण लेकराच्या रडण्यानं तुझं अंग आजही त्या बळदातल्यासारखं घाबरतं, आणि घाबरलेला माणूस हात उगारतो. त्यात बाळंतपणानंतरची उदासी असू शकते, ती पहिल्या वर्षभरात कधीही येते आणि उपचारानं जाते. गोळ्या द्यायची वेळ आली तर अंगावर पाजतेस हे डॉक्टरांना सांग.

आशाताई बरोबर सांगतात. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतं. लग्न झालेली, लेकुरवाळी, सगळ्यांसाठी. बीडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. अंबाजोगाईच्या स्वारातीतही मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, पण ते मेडिकल कॉलेज, तिथं थोडी फी पडेल. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहेच. फक्त, समुपदेशक कुठल्या वारी बसतात ते आशाताईंकडून आधी काढून घे. सरकारी पाटी रोज असते, पाटीखालची खुर्ची रोज भरलेली असतेच असं नाही, आणि लेकरू कडेवर घेऊन रिकाम्या खुर्चीसमोर बसून आलेली बाई पुन्हा जात नाही. हे मला फार खटकतं.

तोवर १४४१६ लाव. मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन आहे, टेली मानस म्हणतात त्याला. फुकट आहे, रात्री-बेरात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. लेकरू रडायला लागतं ती वेळच या फोनची.

समुपदेशकाकडं पहिल्याच दिवशी चुलत्याचं सांगावं लागत नाही. झोप, जेवण, लेकरू, घरात कोण कोण, इथूनच सुरुवात होते. समुपदेशकाला लेकरू काढून घेण्याचा अधिकार नाही. तुझं बोलणं गुप्त ठेवायचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंच घातलंय. पण एक गोष्ट मी झाकून ठेवणार नाही. जे तुला लिहवत नाही ते लैंगिक असेल, तर लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं अशी माहिती कळलेल्यानं पोलिसांना कळवायची असते. म्हणून सांगण्याआधी सरळ विचार, ‘मॅडम, यातलं काय तुमच्यापाशी राहील आणि काय वर कळवावं लागेल?’ उत्तर ऐक, मग किती सांगायचं ते तू ठरव. तक्रार करायची झाली तर त्याला मुदत नाही, पाच वर्षांनीही करता येते. बीडच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे बायकांच्या सरकारी मदत केंद्रात, वकिलाचा सल्लाही फुकट मिळतो.

चुलत्याच्या घरी आज एखादी लहान पोर ठेवलेली आहे का? यंदाही कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, गेलेत, म्हणून विचारते. असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळव, नाव सांगायची सक्ती नाही. तुझ्यानं होत नसेल तर आशाताईंना करू दे.

सासूबाईंशी ‘येडं-शहाणं’ हा वाद घालू नकोस, जिंकणार नाहीस. नऊ महिने भरले म्हणजे गोवर-रुबेलाची लस आलीच. ती गावातही मिळेल, पण तू धारूरच्या दवाखान्याचं नाव काढ आणि समुपदेशकांचा वार धरून जा. सोबत आशाताईंना ने. हे खोटं बोलणं नाही, लस तर टोचायचीच आहे.

तुझी,
ताई